नवा लॅपटॉप घ्यावा की जुनाच सावरावा?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतील विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक बैठक झाली. विषय एकच होता. ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण यांच्या कामासाठी २०१७ साली वर्गणीतून घेतलेला लॅपटॉप आता चालता चालत नाही. तेव्हा नवा घ्यायचा, की आहे त्यालाच काही जोड देऊन काम भागवायचे? बैठक अडीच तास चालली. एवढा वेळ आमच्याकडे १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या नियोजनालाही लागत नाही. वाचक म्हणतील, हा काय वृत्तपत्रात लिहिण्याचा विषय झाला? पण आज तालुक्यातालुक्यांत आमची मुले-मुली मोबाईल घेऊन चित्रीकरण करीत आहेत, जुन्या कॅसेट गोळा करीत आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेत आहेत. त्या सर्वांपुढे आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे. शिवाय ज्या पैशांतून हे यंत्र घ्यायचे तो पैसा कष्टकऱ्यांचा आहे. म्हणून झाला तो सगळा विचार, आमच्या चुकांसह, येथे मांडत आहोत.

आधी काम काय आहे ते सांगितले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आईबापांच्या खांद्यावर बसून गेलेले जे मूल दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात १९७८ साली वीस-बावीस वर्षांचे असलेले कार्यकर्ते सत्तरीच्या आसपास पोचले आहेत. यांची साक्ष कोणी लिहून ठेवलेली नाही. ती त्यांच्या तोंडून घेणे हे पहिले काम. दुसरे काम जुन्या कॅसेटचे. भीमगीतांचे सामने, शाहिरी जलसे, वस्तीतली भाषणे यांच्या कॅसेट लोकांच्या घरी ट्रंकेत, माळ्यावर पडून आहेत. फिती बुरशीने चिकटत चालल्या आहेत. आणि तिसरे काम आजच्या घटनांचे. सभा, मोर्चे, आणि कुठे अन्याय झाला तर त्याचे चित्रीकरण.

या कामात आमच्या हातून एक नुकसान झाले आहे, ते लपवून पुढे जाता येत नाही. २०२१ साली आमच्या भागातील एका वयोवृद्ध शाहिरांची तीन तासांची मुलाखत आम्ही घेतली. त्यांनी पाठ असलेली जुनी गाणी म्हटली, जलशाच्या फडाची हकीकत सांगितली. फाइली मोबाईलमधून लॅपटॉपवर घेतल्या आणि मोबाईल भरला म्हणून तेथल्या पुसून टाकल्या. पावसाळ्यात लॅपटॉपची हार्डडिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने दोन आठवडे ठेवून घेऊन हात टेकले. चार महिन्यांनी शाहीर गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या नातीने आम्हाला विचारले, "काका, आजोबांचा आवाज तुमच्याकडे आहे ना?" आमच्याकडे होती ती व्हॉट्सॲपवर पाठवलेली चाळीस सेकंदांची चित्रफीत. बाकी सगळे गेले होते. नवी हार्डडिस्क बसवून लॅपटॉप पुन्हा कामाला लागला, पण त्या तीन तासांचे आता काहीही करता येत नाही.

तर बैठक. तरुणांचे म्हणणे असे की, हा लॅपटॉप आता भंगारात काढावा. चालू व्हायला पाच मिनिटे लागतात. मोबाईलचे चित्रीकरण उघडले की चित्र अडखळते, आवाज पुढे जातो. चाळीस मिनिटांचा माहितीपट तयार करून फाइल बाहेर काढायला अडीच तास लागले आणि मध्येच दोनदा यंत्र बंद पडले. त्यांनी पंच्याऐंशी हजारांच्या नव्या लॅपटॉपचे दरपत्रकच आणले होते. ज्येष्ठांचे म्हणणे वेगळे. "हल्ली मोबाईलवर होतंय की सगळं, लॅपटॉप पाहिजेच कशाला?" डब्यात जमा होते बावन्न हजार. महापालिकेत सफाईचे काम करून निवृत्त झालेल्या आमच्या एका मावशींनी यातले दोन हजार पेन्शनमधून दिले होते. त्या म्हणाल्या, "वकीलदादा, आम्ही पैसे डब्यात ठेवायला दिले नाहीत, खरं. पण उधळायलाबी दिले नाहीत. काय अडतंय ते आधी बघा, मग काय आणायचं ते बोला."

मावशींचे हे बोलणे आम्हाला वकिलीच्या दृष्टीने पूर्ण पटले. आरोप सिद्ध होण्याआधी शिक्षा सुनावण्याची आपल्याकडे पद्धत नाही. लॅपटॉप जुना आहे हा काही गुन्हा नव्हे. तो कोणत्या कामात, नेमका कुठे आणि कशामुळे कमी पडतो, याचा पुरावा पाहिजे. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले आहे. दुकानदाराच्या दरपत्रकालाही ते लागू आहे. सबब निर्णय दोन आठवडे पुढे ढकलला आणि यंत्राची तपासणी करायचे ठरले.

तपासणी कठीण नाही. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. त्यात प्रोसेसर, मेमरी म्हणजे रॅम, आणि डिस्क यांपैकी कोण किती कामात आहे ते टक्क्यांत दिसते. ती उघडी ठेवून नेहमीचे काम करायचे आणि यंत्र अडखळेल त्या क्षणी कोणता आकडा शंभरला टेकला आहे ते पाहायचे. कागदावर लिहून ठेवायचे. आमच्या यंत्रात आठ जीबी रॅम, साधी फिरती हार्डडिस्क आणि इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर. एडिटिंगचे सॉफ्टवेअर उघडून दोन चित्रफिती घेतल्या की रॅम पंच्याण्णव टक्के भरायची. रॅम भरली की यंत्र उरलेला पसारा डिस्कवर ठेवू लागते. फिरती डिस्क सेकंदाला साधारण शंभर एमबीच्या आसपास वाचते, त्यातही विखुरलेल्या लहान फाइलींना तिचा वेग फारच पडतो. म्हणून डिस्कचा आकडा कायम शंभरवर. प्रोसेसर मात्र बराच वेळ चाळीस-पन्नास टक्क्यांवर वाट पाहत बसलेला! फक्त तयार फाइल बाहेर काढताना तो शंभरला जायचा. म्हणजे रोजच्या अडखळण्याचा मुख्य दोषी प्रोसेसर नव्हता. रॅम अपुरी होती आणि डिस्क संथ होती. या दोन्ही गोष्टी आमच्या लॅपटॉपमध्ये बदलता येतात.

दोनदा बंद पडण्याचे कारण तर त्याहून साधे निघाले. मागचे झाकण उघडल्यावर पंख्याच्या जाळीत आठ वर्षांची धूळ गोधडीसारखी बसलेली दिसली. प्रोसेसरवर लावलेली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडखडीत झाली होती. यंत्र तापले की स्वतःला वाचवण्यासाठी आधी वेग कमी करते आणि तरीही भागले नाही तर बंद पडते. बॅटरीही थोडी फुगलेली होती. येथे कार्यकर्त्यांना सावध करणे आवश्यक आहे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, 'अजून चालते' म्हणून वापरू नये, आग लागू शकते. ती काढून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी. घंटागाडीत टाकू नये, कारण त्या गाडीवर हात घालणारा माणूसही बहुतेक आपलाच असतो.

आता कामानुसार विचार करू. आवाजाचे काम आणि चित्राचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र धरल्या की निर्णय चुकतो.

आवाजाचे गणित सोपे आहे. अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ आणि चोवीस बिट या दर्जाने दोन्ही बाजूंचे म्हणजे स्टिरिओ ध्वनिमुद्रण केले तर एका तासाला साधारण एक जीबी जागा लागते. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शनात जतनासाठी हा किमान दर्जा धरला आहे, शक्य असेल तर शहाण्णव किलोहर्ट्झ घ्यावे असे सांगितले आहे. आमच्याकडे साठ मिनिटांच्या साठ कॅसेट आहेत. म्हणजे साठ तासांचे काम आणि बासष्ट जीबीच्या आसपास जागा. हे काम दहा वर्षे जुना लॅपटॉपही न दमता करतो. ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यासाठी पुरते. कॅसेट तेवढी खऱ्या वेगानेच वाजवावी लागते. पंच्याऐंशी हजारांचे यंत्र आणले तरी साठ मिनिटांची कॅसेट चाळीस मिनिटांत होणार नाही!

आवाज वाईट येतो तो लॅपटॉप जुना असल्यामुळे नव्हे. आम्ही टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपच्या माईकच्या छिद्रात खुपसत होतो. बहुतेक लॅपटॉपचे ते छिद्र एकाच बाजूचा आवाज घेते आणि त्यात यंत्राची खरखर मिसळते. त्यासाठी यूएसबीला जोडायचा वेगळा ऑडिओ इंटरफेस घ्यावा आणि टेपच्या लाइन-आउटमधून आवाज त्यात द्यावा. कॅसेट लावण्यापूर्वी टेपचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. मुलाखतीत माईक बोलणाऱ्याच्या छातीजवळ लावावा, लॅपटॉप आणि त्याचा पंखा दूर ठेवावा, घरातला पंखा थोडा वेळ बंद करावा. मुलाखतीतला आवाज यानेच सुधारतो. नव्या लॅपटॉपने सुधारत नाही.

चित्राचे काम जड आहे, हे मान्य केले पाहिजे. तरुणांची तक्रार खोटी नव्हती. मोबाईल फोर-के दर्जात चित्रीकरण करतो तेव्हा सेकंदाला पन्नास मेगाबिटच्या हिशेबाने तासाला साडेबावीस जीबी होतात. त्यातही अनेक मोबाईल जागा वाचवण्यासाठी एच.२६५ या पद्धतीने चित्र आवळून ठेवतात. ते उलगडायला यंत्राला जास्त कष्ट पडतात. पण आमच्या मुलाखती पाहणारे लोक कोण? वस्तीतली, गावाकडची माणसे, मोबाईलच्या पडद्यावर पाहणारी. त्यांना फुल एचडी पुष्कळ झाले. म्हणून मोबाईलमध्येच फुल एचडी आणि एच.२६४ निवडायचे ठरले. फ्रेमचा वेग शक्य तिथे पंचवीस ठेवायचा, कारण आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची आहे आणि ट्यूबलाइटखाली तीसच्या वेगाने घेतलेले चित्र पुष्कळदा लुकलुकते.

'आवाज पुढे जातो' या तक्रारीचे मूळही येथेच सापडले. मोबाईल चित्रीकरण करताना फ्रेमचा वेग कमीजास्त करीत राहतो. एडिटिंगचे सॉफ्टवेअर तो स्थिर धरून चालते. तासाभराच्या मुलाखतीत ओठ आणि आवाज यांची ताटातूट होते. हँडब्रेक या विनामूल्य सॉफ्टवेअरने फाइल आधी स्थिर वेगात बदलून घेतली की ही तक्रार मिटते. शिवाय केडेनलाइव्ह, शॉटकट यांसारख्या विनामूल्य एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सीची सोय असते. मोठ्या चित्रफितीची हलकी नक्कल तयार होते, कापाकापी नकलेवर करायची, आणि शेवटची फाइल काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ चित्र वापरते. रात्री झोपताना नकला करायला लावायच्या, सकाळी कामाला बसायचे. ही युक्ती माहीत नसल्यामुळे आम्ही तीन वर्षे यंत्राला शिव्या घालत होतो.

सॉफ्टवेअर चोरून वापरू नये, हेही येथेच सांगतो. कायद्याचा भाग आहेच. पण चोरीच्या सॉफ्टवेअरसोबत व्हायरस येतो आणि वर्षभराची मेहनत घेऊन जातो, हा व्यवहाराचा भाग त्याहून मोठा आहे. विनामूल्य आणि कायदेशीर सॉफ्टवेअर उपलब्ध असताना ही जोखीम कशाला घ्यायची? चित्रावर मराठी अक्षरे टाकायची असतील तर जुने कृतिदेव किंवा शिवाजीसारखे फॉन्ट सोडून युनिकोडचे मुक्त, लोहित, नोटो यांसारखे मोफत फॉन्ट वापरावेत. म्हणजे एका यंत्रावर लिहिलेले 'भीमराव' दुसऱ्या यंत्रावर चिन्हांचा खिचडा होत नाही.

जुने यंत्र ठेवायचे म्हटले की एक अडचण मात्र खरी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. घरगुती ग्राहकांना काही अटींवर ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत देऊ केली गेली. विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचे लागतात. आमचा सातव्या पिढीचा, म्हणजे एका पायरीने हुकला. यंत्र धडधाकट असताना केवळ एका कंपनीच्या नियमामुळे ते कालबाह्य ठरावे, याचा राग येतो. पण रागाने काम होत नाही. आम्ही विंडोज काढून लिनक्स टाकले. ते विनामूल्य आहे, त्याची सुरक्षा-दुरुस्ती चालू राहते, आणि ऑडॅसिटी, केडेनलाइव्ह, हँडब्रेक त्यावर चालतात. बी.कॉम.ला असलेल्या आमच्या एका मुलीने दोन रविवारांत ते शिकून घेतले आणि आता ती इतरांना शिकवते.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. लॅपटॉप हे काम करण्याचे यंत्र आहे, जतन करण्याची तिजोरी नव्हे. शाहिरांच्या मुलाखतीच्या वेळी आम्ही हा फरक केला नाही. नवाकोरा लॅपटॉप घेतला असता तरी ती मुलाखत एकाच जागी ठेवल्यावर तशीच जाऊ शकली असती. म्हणून बैठकीत आम्ही खर्चाचा क्रम उलटा मांडला. आधी दोन बाहेरच्या हार्डडिस्क, मग माईक आणि इंटरफेस, मग जुन्या यंत्राची दुरुस्ती, आणि पैसे उरले तर नव्याचा विचार. प्रत्येक मूळ फाइलच्या तीन प्रती, त्यांतील एक वेगळ्या घरी. दर सहा महिन्यांनी डिस्क लावून फाइली उघडतात की नाही ते पाहायचे. वेगासाठी एसएसडी उत्तम, पण वर्षानुवर्षे विजेशिवाय कपाटात ठेवायला ती योग्य नाही, तिच्यातला मजकूर क्षीण होऊ शकतो. ठेवणीसाठी साधी हार्डडिस्कच बरी.

अन्यायाच्या घटनांच्या चित्रीकरणाबाबत तर यात कायद्याचा प्रश्न येतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात द्यायची तर प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. फाइलमध्ये एका बिंदूचा फरक झाला तरी ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवरून चित्रफीत पाठवली की ती पुन्हा आवळली जाते, म्हणजे ठसा बदललाच. एडिटिंग केले, आवाज वाढवला, नाव टाकले, तरी बदलला. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, जुन्या कायद्याखालीही, प्रतीसाठी प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. मूळ उपकरणच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर केले तर गोष्ट वेगळी, असेही त्यात सांगितले. आमच्याकडे कितीतरी लोक 'साहेब, व्हिडिओ आहे' म्हणून येतात आणि मोबाईलवर दाखवतात ती दहा ग्रुप फिरून आलेली प्रत असते. मूळ कोणी काढले, तो मोबाईल कुठे आहे, काही पत्ता नसतो. म्हणून आमचा नियम असा : मूळ फाइल तिसऱ्या कोणी हात लावण्याआधी दोन डिस्कवर उतरवायची, हॅश काढून तारखेसह वहीत लिहायचा, चित्रीकरण करणाऱ्याने मोबाईल जपून ठेवायचा, आणि एडिटिंग फक्त नकलेवर करायचे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, शिस्त लागते.

मग नवा लॅपटॉप कधीच घेऊ नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असेल आणि ती चार जीबी असेल, मदरबोर्ड किंवा पडदा गेला असेल, दुरुस्तीचा खर्च तशाच जुन्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, किंवा रोज चित्राचेच काम असून त्यावर एखाद्याचे पोट चालत असेल, तर जुन्यात पैसे घालणे चुकीचे. अशा वेळी सोळा जीबी रॅम, एसएसडी आणि पुढे रॅम वाढवण्याची जागा असलेले यंत्र पाहावे. काम एकाच जागी बसून होत असेल तर त्याच पैशांत डेस्कटॉप अधिक ताकदीचा येतो आणि दुरुस्तही होतो. आम्हाला म्हाताऱ्या माणसांच्या घरी जावे लागते म्हणून लॅपटॉप. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कार्यालयांतून निघालेले वापरलेले चांगले लॅपटॉप मिळतात. ते आठव्या पिढीच्या पुढचे घ्यावेत, बॅटरी आणि पडदा तपासावा आणि पक्के बिल घ्यावे. 'बिलाशिवाय स्वस्तात देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या आधारे तक्रार करायची वेळ आली तर व्यवहाराचा मुख्य कागद तेच बिल. आणि एक व्यवहाराची गोष्ट : २०२५ च्या उत्तरार्धापासून जगभर मेमरी चिपांचे भाव फार चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडे तो माल जाऊ लागला. आम्ही रॅमची पट्टी दोन वर्षे आधी घेतली असती तर निम्म्याहून कमीत पडली असती. बैठका लांबवण्याचीही किंमत असते.

आमचा हिशेब असा झाला. आणखी आठ जीबीची पट्टी साडेपाच हजार, पाचशे जीबीची एसएसडी साडेपाच हजार, बॅटरी आणि सफाई साडेतीन हजार. एकूण साडेचौदा हजार. दोन बाहेरच्या हार्डडिस्क पंधरा हजार. ऑडिओ इंटरफेस आणि दोन माईक साडेअकरा हजार. सर्व मिळून एक्केचाळीस हजार. उरलेले अकरा हजार नव्या यंत्राच्या निधीत राहिले. हिशेब बिलांसह विहाराच्या फलकावर लावला. मावशींनी चष्मा लावून तो वाचला आणि एका बिलावर तारीख नाही हे दाखवून दिले. ती घालून घेतली.

परिणामही खरे तेच सांगतो. यंत्र आता मिनिटाच्या आत चालू होते. प्रॉक्सीवर कापाकापी विनाअडथळा होते. बंद पडत नाही. मात्र शेवटची फाइल काढायला अजूनही वेळ लागतोच. अडीच तासांचे पावणेदोन तास झाले, कारण ते काम प्रोसेसरचे आहे आणि प्रोसेसर तोच आहे. तरुणांनी हे मान्य केले, पण दोन वर्षांनी हा विषय पुन्हा घ्यायचा असे इतिवृत्तात लिहून घेतले. ते योग्यच झाले.

साधनांची ही ओढाताण आमच्या चळवळीला नवी नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तो छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली म्हणून. १९२७ साली सुरू झालेला 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये थांबला, त्यात पैशाची चणचण हे मोठे कारण होते. बाबासाहेबांनी लोकवर्गणीच्या पैचा हिशेब ठेवला. आपल्याकडे आज खिशाखिशात कॅमेरा आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे. तेव्हा साधन नाही म्हणून काम अडले असे म्हणण्याआधी आपण आहे ते साधन उघडून तरी पाहिले आहे काय, हे प्रत्येक मंडळाने स्वतःला विचारावे. तपासणीत यंत्र खरोखर नापास झाले तर खुशाल नवे घ्यावे आणि वर्गणी देणाऱ्याला ताठ मानेने कारण सांगावे.

पुढच्या रविवारी आम्ही एका आजींकडे जाणार आहोत. वय ब्याऐंशी. दीक्षेच्या वेळी त्या बारा वर्षांच्या होत्या. नागपूरला वडिलांसोबत काही अंतर चालत, काही रेल्वेने गेल्याचे त्यांना आठवते. लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे. सोबत दोन हार्डडिस्क नेणार आहोत, आणि त्यांच्या घरून निघण्याआधी दोन्हींवर प्रत उतरल्याशिवाय मोबाईलमधले काहीही पुसायचे नाही, असे ठरले आहे. डिस्क सांभाळण्याची जबाबदारी शाहिरांच्या नातीने स्वतःहून घेतली आहे.